डोक्यावर उभी राहिलेली कन्या रास

ति. एर्मेलिंडा मावशीला निबाल्दोचा, रंगाने बरबटलेल्या हातांनी का होईना, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? एंपानादा तळताना स्टुलावर बसतेस ना? (बसत नसशील. तू कधी कुणाचं ऐकलंयस!) मी खुशाल आहे, म्हणजे शनिवारपर्यंत होतो. छातीतली धडधड अजून थांबलेली नाही.

कोकिम्बो सोडून मी खेचरवाल्यांबरोबर एल्की खोऱ्यात चढलो (त्यातलं एक खेचर टोप्या खातं, पण ते राहू दे). इथे पास्टर एलियासार आहेत, त्यांचं पत्र्याचं प्रार्थनाघर आहे आणि त्यांची मुलगी दामारिस आहे. पास्टरांचं म्हणणं, शुभवर्तमान देवाने आधी आकाशात लिहिलं, पुस्तकात ते नंतर आलं. कन्या रास म्हणजे मरीयामाता, मेष म्हणजे वधलेलं कोकरू, सिंह म्हणजे यहूदाचा विजयी सिंह. उत्तरेकडच्या कुणा मिशनऱ्याने दिलेल्या नकाशावरून ते वीस वर्षं हेच सांगतायत. मला रंगकाम येतं असं मी बोलून बसलो (दोन होड्या रंगवल्यात, तुला ठाऊक आहे). ते म्हणाले, ईस्टरच्या आत बारा राशी चादरीवर काढ, खाली दामारिस वचनं लिहील, मग तिच्याशी लग्नाचं काय बोलायचंय ते बोल.

शनिवारी संध्याकाळी भरल्या मंडळीसमोर चादर भिंतीवर ठोकली आणि पास्टरांच्या तोंडातलं हालेलुया अर्ध्यावरच राहिलं. मावशी, वचनं सुलटी आणि मरीयामाता डोक्यावर उभी! (झगा मी नशिबाने घोट्यांशी बांधलेला काढला होता.) सिंह चारी पाय वर, मेलेल्या मांजरासारखा. दारातून शेजारची सुनिल्दा डोकावत होती, ती कॅथलिक. म्हणाली, "अगं बाई! नवरा मिळेपर्यंत आम्ही संत अंतोनियोला उलटा ठेवतो, पण तुम्ही हालेलुयावाल्यांनी थेट मातेलाच? असं काय हवंय तिच्याकडून?"

पास्टर पांढरेफटक. मी म्हणालो, "रात्र रात्र जागून आकाश बघितलंय मी. इथून ते असंच दिसतं. नकाशा उत्तर गोलार्धातला आहे, पास्टर, आपण पडलो दक्षिणेत."

"म्हणजे वीस वर्षं मी खोटं सांगत होतो?"

"बाहेर येऊन बघा की."

अंधार पडल्यावर सगळे अंगणात आलो. देवाशपथ, सिंह खरंच उलटा! माताही! पास्टर मटकन दगडावर बसले. वीस वर्षं या माणसाने आकाश सांगितलं ते दिव्याखालचा कागद बघून. "आम्हालाच का रे उलटं लिहिलं?" असं त्यांनी अगदी बारीक आवाजात देवाला विचारलं. ते आता कधी उपदेशाला उभे राहणार नाहीत, असंच वाटलं मला.

तेवढ्यात दामारिस म्हणाली, "पप्पा, उभं राहूनच वाचा असं देवाने कुठे म्हटलंय? आडवे पडा. डोकं उत्तरेला."

पास्टर पडले. मग एकदम ओरडले, "सरळ आहे! अरे, सरळ आहे!" झालं, सगळी मंडळी धुळीत उताणी, सुनिल्दासुद्धा ("फक्त मातेसाठी हं!"). रस्त्याने आलेला पोलीस घोड्यावरून उतरला, आम्हाला बघितलं आणि साथ आली समजून नाकाला रुमाल लावून परत पळाला.

तुझाच धक्क्यातून न सावरलेला,
निबाल्दो

ता. क. रात्र रात्र जागून आकाश बघितलं, हे मी तिथल्या तिथे ठोकून दिलं होतं. चादर जमिनीवर पसरलेली, एका बाजूने दामारिस लिहीत होती, आणि मी तिच्या समोर बसून रंगवत होतो. तिच्या तोंडाकडून नजर हटेना, चादर फिरवायचं कुणाला सुचतंय? आकाश खरंच तसं निघालं तेव्हा सगळ्यात जास्त मी हादरलो.

आणखी एक ता. क. पास्टर म्हणतात, हे ज्ञान मला वरून मिळालं. त्यांनी मला उपदेशक करायचं ठरवलंय, त्याशिवाय लग्न नाही म्हणतात. तू मला लहानपणापासून ओळखतेस. लगेच त्यांना पत्र टाक आणि जावई होण्यापलीकडे हा मुलगा कशाच्याही लायकीचा नाही, असं शपथेवर लिही.