‘आयव्ही ग्रेस’ आणि तिच्या पोटातली मोटार

मी, डोरीन विग्नल, माहेरची लेडबेटर, कै. क्लिफर्ड विग्नल यांची पत्नी, वय वर्षे एक्काहत्तर, राहणार फ्लीटवुड, लँकेशायर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे आणि डावा कान यांची हमी मी देत नाही. डोके मात्र शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. दाखवला असता तरी तो लागू पडला नसता, हे मला ओळखणारे सांगतील. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही क्लिफर्डला दिले होते. तो आधी गेला, म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी मुलगी जॅनिस हिला नेमते. ती कोणतेही काम अर्धे टाकत नाही. हा गुण बापाचा. मध्येच तोंड घालण्याचा माझा.

कलम २. माझे राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, जॅनिसला मिळावे. घर विकावे की ठेवावे हे तिने ठरवावे. तिचा नवरा कीथ याने माळ्यावर खोली काढण्याचा बेत माझ्यासमोर, माझ्याच माळ्याकडे बघत, अनेकदा बोलून दाखवला आहे. त्याला माझी हरकत नाही, फक्त मी बाहेर पडेपर्यंत थांबावे.

कलम ३. क्लिफर्डची हत्यारे, छोटे लेथ, सोल्डरिंगची सामग्री आणि बोटींच्या पितळी पंख्यांचा डबा हे सर्व तळ्यावरच्या आमच्या मॉडेल बोट क्लबला द्यावे. हत्यारे वापरून पुन्हा जागच्या जागी ठेवावीत. क्लिफर्ड आयुष्यभर ट्राम चालवत असे. समुद्राच्या कडेने उत्तरेला जायचे आणि त्याच रुळांवरून परत यायचे, यात त्याला कधी कंटाळा आला नाही. जागच्या जागी नसलेली वस्तू त्याला खुपत असे.

कलम ४. माझी नणंद एनिड हिला मागच्या शेडमधली विजेची चाकाची खुर्ची द्यावी. ही खुर्ची माझ्या सासूबाईंची. त्या गेल्यावर एनिडला ती विकायची होती. परंतु एनिड विचारायला आली तोवर क्लिफर्डने खुर्चीची मोटार काढली होती.

“आईची खुर्ची उघडलीस? खेळण्यासाठी?” ती दारातूनच ओरडली.

“आई गेलीय, एनिड. मोटार अजून चालतेय,” क्लिफर्ड म्हणाला.

त्यानंतर एनिड आमच्याकडे चहाला आली नाही. आता खुर्ची तिला पोचती करावी, मोटारीशिवाय.

कलम ५. हे कलम त्या मोटारीविषयी आणि ती ज्या बोटीत बसवली आहे तिच्याविषयी आहे. ते लांबेल. जॅनिस, चष्मा लाव.

माझा धाकटा भाऊ टेरी लेडबेटर हा ‘आयव्ही ग्रेस’ या मासेमारी ट्रॉलरवर खलाशी होता. १९६४ च्या हिवाळ्यात ती आइसलँडच्या किनाऱ्याशी बुडाली आणि तिच्यावरचा कोणीही परतला नाही. शेवटचा बिनतारी निरोप असा होता की वारा किनाऱ्याकडे ढकलतो आहे, इंजिनाला असेल नसेल तेवढा जोर लावला आहे आणि बोट पुढे सरकत नाही. चौकशीत ‘खराब हवामान’ असे ठरले. टेरी वीस वर्षांचा होता. आमच्या आईने त्याचा कोट खुंटीवरून कधी काढला नाही.

पुष्कळ वर्षांनी, जॅनिस शाळेत असताना, मी क्लिफर्डला त्या ट्रॉलरचे मॉडेल करायला सांगितले. दोन हिवाळे तो त्याच्या मागे होता. चार फुटांची बोट, प्रत्येक दोर, प्रत्येक खिळा खऱ्यासारखा. आत त्याने गाडीच्या वायपरची लहानशी मोटार बसवली. आमच्या क्लबात असा नियम आहे की खऱ्या जहाजाची प्रतिकृती खऱ्या जहाजासारखीच चालली पाहिजे. जहाज जितके लहान केले त्या मानाने वेगही उतरला पाहिजे. क्लिफर्डला हा नियम देवाच्या आज्ञेसारखा होता.

पहिल्याच दिवशी तळ्यावर वारा होता. बोट सुरेख निघाली आणि तळ्याच्या मध्यावर अडकली. पंखा फिरत होता, पाणी मागे फेकले जात होते, आणि ती जागची हलत नव्हती. मग हळूहळू मागे जाऊ लागली.

“जोर वाढव,” मी म्हणाले.

“एवढाच आहे, डोरीन. ती बोट एवढीच चालायची. हिशेब करून बसवलंय मी.”

“तुझा हिशेब बरोबर आहे,” मी म्हणाले. “म्हणूनच ती बुडाली.”

मी घरी चालत आले. रात्रीच्या जेवणाला मासा आणि बटाटे होते. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर क्लिफर्ड शेडमध्ये गेला आणि त्याने ती लहान मोटार काढून टाकली.

पुढचे वर्ष जळक्या वासाचे गेले. आधी त्याने मोटारसायकलच्या स्टार्टरची मोटार बसवली. तिच्यात ताकद राक्षसाची, पण ती क्षणभर घरघरण्यासाठी बनवलेली. तळे अर्धे ओलांडायच्या आत तिच्यातून धूर निघाला आणि तारांवरचे आवरण मेणासारखे ओघळले. मग सासूबाईंच्या खुर्चीची मोटार आली. ती बारा व्होल्टवर दमदार चालली, तर क्लिफर्डने चोवीस दिले. बोटीने नाक वर केले, शेपूट खाली टेकले, एका कुशीवर कलंडली आणि मागच्या डेकवरून पाणी पिऊन तळाशी गेली. क्लिफर्ड पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला. ज्या माणसाने ट्राम कधी वेळेच्या आधी पोचू दिली नाही, तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हसत होता. मला त्याचे ते रूप ठाऊक नव्हते.

त्याने बॅटऱ्या तळाशी खाली नेऊन बसवल्या. पंख्याची पाती मोठी आणि रुंद केली. मोटारीभोवती तांब्याची नळी गुंडाळली, तिच्यातून तळ्याचे पाणी फिरवले, म्हणजे मोटार थंड राहील. मग ती बोट बुडायची थांबली आणि पळू लागली.

इथे विल्फ रिमर याचे नाव येते. विल्फ तेव्हा क्लबचा अध्यक्ष आणि परीक्षक होता. त्याआधी तो खऱ्या ‘आयव्ही ग्रेस’च्या इंजिनावर कामाला होता. शेवटच्या फेरीच्या वेळी त्याचे अपेंडिक्स काढले होते आणि तो इस्पितळात होता, एवढ्याच कारणाने तो जिवंत राहिला. आमची बोट पळताना पाहून तो काठाने तरातरा चालत आला.

“क्लिफ, काय कोंबलंयस हिच्या पोटात? ट्रॉलर आहे का तोफगोळा?”

“वाऱ्यापुढे टिकेल एवढं घातलंय.”

“आयव्ही ग्रेस टिकायची नाही! मी पाजलंय तिच्या इंजिनाला तेल. मालकाला घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं, हे इंजिन बदला, वादळात हे दगा देणार. त्याने ऐकलं नाही. आणि आता तू ती अशी उधळतोस? उद्या तोच मालक इथं येऊन म्हणेल, बघा, बोट तर काय झकास होती, पोरांनाच चालवता आली नाही.”

“ही त्याच्यासाठी नाही,” मी मध्ये पडले. “ही माझ्यासाठी आहे. मला ती एकदा परत येताना बघायचीय.”

“मला पण बघायचीय, डोरीन. पण हे खोटं आहे.”

विल्फचे म्हणणे चुकीचे होते असे मी या कागदावर कुठेही लिहिलेले नाही, याची नोंद घ्यावी.

सप्टेंबरच्या स्पर्धेच्या दिवशी समुद्रावरून सोसाट्याचा वारा सुटला. एकेक बोट दूरच्या दगडी काठावर जाऊन आपटली. विल्फची स्वतःची फेरी-बोटही तिकडेच गेली. क्लिफर्डने रिमोट माझ्या हातात दिला. मी तोवर बोट कधी चालवली नव्हती.

“पूर्ण पुढे ढकल आणि सोडू नकोस,” तो म्हणाला.

मी आधी तिला वाऱ्याबरोबर पार टोकाला नेले, तिथे वळवले आणि अंगठा पुढे रेटला. लाटा तिच्या सुकाणूघरावरून जात होत्या. मधूनमधून फक्त धुराडे दिसायचे. ती तळ्याच्या मध्यावर आली, थबकली असे वाटले, आणि मग आली. सरळ, वाऱ्याच्या तोंडावर, पायऱ्यांपर्यंत आली. काठावर कोणी टाळी वाजवली नाही.

“आली बघ,” क्लिफर्ड म्हणाला.

“हो,” मी म्हणाले. “टेरी नाही आला.”

मग मी पायरीवर बसले. मला वाटले होते तेवढे हलके वाटले नाही. वाईटही वाटले नाही. हात मात्र रिमोटवरून सोडवून घ्यावे लागले.

विल्फने टोपी काढली होती. नंतर त्याने ती घातली आणि आमच्या बोटीला शून्य गुण दिले. क्लिफर्डने त्याच संध्याकाळी क्लबच्या चिटणीसपदाचा राजीनामा दिला. तिथून पुढे आम्ही तळ्यावर सोमवारी जात असू, कारण सोमवारी क्लबचे कोणी नसे.

सहा वर्षांपूर्वी क्लिफर्ड गेला. अंत्यविधीनंतर हॅम सँडविचच्या टेबलापाशी विल्फ माझ्याजवळ आला. मला वाटले शोक व्यक्त करील.

“टेरी मोजे वाळवायला माझ्याकडे इंजिनघरात यायचा,” तो म्हणाला. “पाइपवर टाकायचा. मी शिव्या द्यायचो. तो म्हणायचा, ताईने विणलेत, ओले घातले तर ती मारेल.”

ते मोजे मीच विणले होते. चाळीस वर्षांत टेरीविषयी मला ठाऊक नसलेली गोष्ट कोणी सांगितली नव्हती. सांगणारा हा एकटाच उरला आहे.

म्हणून ‘आयव्ही ग्रेस’ ही बोट, मोटार, बॅटऱ्या, चार्जर आणि रिमोट यांसह, मी विल्फ रिमर यास देते. जॅनिसने ऐकल्यावर विचारले, “त्याला? ज्याने बाबांना शून्य दिलं त्याला?” होय, त्याला. बोटीत कोणती मोटार ठेवायची हे त्याने ठरवावे. त्याने ती हळू चालवली तर ते खरे असेल, आणि जोरात चालवली तर तेही त्याचे त्याला ठाऊक. कोणीही त्याला त्यावरून बोलू नये. बोट काचेच्या पेटीत ठेवण्याचा कीथचा विचार मी नामंजूर करते.

कलम ६. प्रेत जाळावे. भजने दोनच असावीत. एनिड आली तर तिला पुढे बसवावे, तिला मागून ऐकू येत नाही.

आज साक्षीदार म्हणून मी विल्फलाच बोलावले होते. त्याने टोपी न काढता सगळे वाचले, कलम पाचपाशी थांबला, आणि म्हणाला, “मला काही मिळणार असेल तर माझी सही चालत नाही, डोरीन. एवढा कायदा मलाही कळतो.” ते खरे निघाले. म्हणून मी शेजारच्या पॉलीनला हाक मारली आणि तिने क्लिफर्डच्या ट्रामवरच्या सोबत्याला फोन केला. तो येईपर्यंत चहा झाला.

“आणि मीच आधी गेलो तर?” विल्फने विचारले. “मी थोरला आहे तुझ्याहून.”

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणून पुढील कलम जोडत आहे.

कलम ७. विल्फ रिमर माझ्याआधी वारल्यास बोट माझ्यामागे जॅनिसकडे जावी. तत्पूर्वी, त्याला पोचवून आल्यावर त्याच दिवशी मी ती तळ्यावर न्यावी, अशी त्याची इच्छा आहे. कशी चालवू, असे मी विचारले. त्याने कप खाली ठेवला.

“पूर्ण जोर लाव,” तो म्हणाला.

तसे मी कबूल केले आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझा आहे.

डोरीन विग्नल

आमच्या दोघांच्या समक्ष तिने सही केली आणि तिच्या समक्ष आम्ही केली:
पॉलीन गॉर्नल, शेजारी
डेरेक फेअरक्लफ, निवृत्त ट्रामचालक

फ्लीटवुड, ता. ११ ऑक्टोबर २०१०