जुन्या पेपरवरून मेंदूची परीक्षा

७ जानेवारी, उदगीर
...तर आज सकाळी सगळं नेहमीसारखंच. सडा टाकला, बंब पेटवला, ह्यांची बादली भरून मोरीत ठेवली. पाणी कडक. ह्यांना कोमट चालत नाही. मग हाक मारली, अहो, पाणी काढलंय. सुट्टीला आलेला अंगद तोंडात ब्रश धरून दारात उभा. म्हणाला, आई, बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तू कुणाला हाक मारायलीस? म्हटलं, तुलाच. म्हणाला, मला कधीपासून अहो म्हणायलीस? मुलगा मास्तर झाला की घरातही पेपर तपासतो.

८ जानेवारी
अंगदचं फर्मान. लातूरला मेंदूची डॉक्टरीण, एमआरआय, स्मरणशक्तीची टेस्ट. रिपोर्ट बिघडला तर या घराला कुलूप आणि मी त्याच्या फ्लॅटमध्ये. चांगला आला तर राहा, म्हणाला. ठरलं. पैकीच्या पैकी घेणार. लायब्ररीतलं मेंदूचं पुस्तक वाचून झालंय. डॉक्टरीणबाई अडल्याच तर सांगेन.

१० जानेवारी
अंगद लातूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. जुने पेपर सोडवा, हे त्याचंच वाक्य. शेजारच्या बानोच्या सासूची हीच टेस्ट गेल्या साली झाली. बानोला गाठलं. म्हणाली, हाव काकू, घड्याळाचं चित्र काढाय लावतेत. शंभरातून सात-सात वजा करायचे. अन् तीन शब्द ध्यानात ठेवायचे, आंबा, कुलूप, घोडा. विचारलं, सासू पास झाली का? म्हणाली, पास-नापास नसतंय काकू, गोळ्या दिल्या, आता झोपतेत नीट. बानोला परीक्षेतलं काही कळत नाही.

१३ जानेवारी
पहिलं घड्याळ भाकरीसारखं आलं. नंतरची सुधारली. आंबा, कुलूप, घोडा. तयारी पूर्ण. बादली आजपासून बंद करणार होते. थंडी फार, म्हणून आजच्यापुरती भरली.

१६ जानेवारी, लातूर
एमआरआय. पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यासारखा आवाज. कावेरीबाई, हलू नका, असं बाहेरून सांगत होते. मी मनही आवरून ठेवलं. फोटोत पसारा नको.

संध्याकाळी
फोटो वयाच्या मानानं उत्तम. अंगदकडे मुद्दाम बघितलं. मग टेस्ट. घड्याळ देखणं, वजाबाकी धडाधड. डॉक्टरीणबाईंनी तीन शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारले. मी ठणकावून म्हटलं, आंबा, कुलूप, घोडा. त्यांचे शब्द दुसरेच होते. माझी चूक नाही, पेपर बदलला. अंगदनं कपाळाला हात लावला. म्हणाला, आई, कुणाचा पेपर पाठ करून आलीस? बाई हसल्या. मग पेन ठेवून सहज विचारलं, सकाळी काय काय करता?

हा प्रश्न बानोनं सांगितला नव्हता. सांगत गेले, बादलीपर्यंत आले. त्यांनी विचारलं, मग त्या पाण्याचं काय करता? म्हटलं, गार झालं की झाडांना. अंगद खिडकीबाहेर बघत बसला.

बाई म्हणाल्या, दुसरा आजार नाही एवढं मशीन सांगतं. दुःख त्यात दिसत नसतं, ते बोलूनच कळतं. दर महिन्याला बोलायला या. म्हटलं, म्हणजे पासच. एसटीत अंगदनं तिकिटं काढली. मग म्हणाला, राहा उदगीरलाच. मला सकाळी फोन करत जा.

१७ जानेवारी, उदगीर
बंब पेटवला. ह्यांची बादली भरली. हाक मारली नाही. त्या पाण्यानं मीच आंघोळ केली. फार कडक होतं.