अंबाडी आधी पडली

माय, आज अंबाडी केली. सूनबाई म्हणाली, वरून तुपाची धार सोडते. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ती फुगून बसली. म्हातारी एवढ्यातेवढ्यावरून अंगावर येते, असं ती शेजारणीला सांगते आणि त्यात काही खोटं नाही. पण तिला सांगू तरी काय? अमरावतीच्या या घरात ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. लिहायला मी फार उशिरा शिकले, नातवाच्या पाटीवर, त्याचाच ओरडा खात. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

अकोल्याला सरकी काढायच्या जिनाच्या फाटकासमोर आपला तो कडुनिंब. दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या लागल्या, की आपल्या मळ्याच्या वाडीतल्या नऊ बाया जिनात कामाला जायच्या. दुपारच्या भोंग्याला अर्ध्या तासाची सुटी, तेवढ्यात घरी जाऊन जेवणं शक्य नव्हतं. म्हणून मुठीची चाल पडली होती. सकाळी फाटकात शिरण्याआधी प्रत्येक बाई पदराची गाठ सोडायची, मूठभर ज्वारीच्या कण्या कडुनिंबाखालच्या टोपलीत टाकायची आणि मूठभर डाळ पाण्याच्या मडक्यात. कुणाची तूर, कुणाचे मूग, कुणाची बरबटी, घरात जे असेल ते. तू बाजारात भाजी विकून यायचीस, तीन दगडांवर मडकं चढवायचीस आणि खाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ घालायचीस. पऱ्हाटी भडकते पण टिकत नाही, म्हणून तुझे हात सारखे चुलीत. भोंगा होईस्तोवर नऊ बायांचं, तुझं आणि माझं जेवण एका मडक्यात तयार. त्यात अंबाडीचा पाला आणि शेवटी लोखंडी पळीत जवसाचं तेल, लसूण आणि मिरची, बस. भाकऱ्या थापायला वेळ होता कुणाला?

दूध, ताक, लोणी, तूप यांतलं काहीही त्या मडक्याजवळ येत नसे, आणि ते माझ्यामुळे. मी चार वर्षांची असताना गोवर आतल्या आत दबला. सगळ्यांनी आशा सोडली, तेव्हा तू देवीसमोर बोललीस, "हिले वाचव, माय. ही जिती हाय तवर मी दुभत्याले शिवणार नाही." मी वाचले. मामाच्या लग्नात तू कोरडी पुरणपोळी खाल्लीस हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वाडीतल्या बाया मला गमतीनं म्हणायच्या, "तुया मायनं लोणी सोडलं म्हणून तू हायेस वो पोरी." त्या हसायच्या. मला हसू येत नसे.

मी तेरा वर्षांची होते त्या दिवशी तुला बाजारात उशीर होणार होता. तू मला मडक्यापाशी बसवलंस आणि बजावलंस, "डाय बोटात दाबून पाह्यजो. दबली त कण्या टाक. कण्या फुलल्या त मंग अंबाडी. आंबट आधी पडलं त डाय शिजत नाही, ध्यानात ठेव." हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस. आणि मी काय करते? अंबाडी चिरून तयार आहे, मडक्याला उकळी फुटली आहे, जाळ भडकला आहे, आणि मी घाईत सगळा पाला मडक्यात लोटते. डाळ तेव्हा बोटात दबतसुद्धा नव्हती.

मग काही केल्या ती शिजेना. मी पऱ्हाट्या कोंबते, पाणी घालते, कण्या टाकते, कण्या फुलतात, डाळ खड्यासारखी तशीच. चाखलं तर आंबटानं डोळ्यांत पाणी आलं. सूर्य माथ्यावर आला होता. सकाळपासून उपाशी नऊ बाया, आणि त्यांच्या घरची डाळ मी नासवलेली! फाटकाशी ताक-लोणी विकणारी गवळ्याची म्हातारी बसायची, ती उठून आली. "काहून रडून राह्यली वो?" मी मडकं दाखवलं. तिनं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि लोण्याचा मोठा गोळा माझ्या तळहातावर ठेवला. "टाक. आंबट मरते यानं." तुझा नेम तिला माहीत नव्हता. मला होता. भोंगा झाला आणि मी हात मडक्यात झटकला.

बाया आल्या, त्यांच्या मागोमाग डोक्यावर रिकामी टोपली घेऊन तू आलीस. मी वाढत होते. मला तोंड उघडायचं होतं, खरंच सांगते. तेवढ्यात एक जण म्हणाली, "डाय कच्ची हाय, पण चव न्यारीच आली आज." तू पहिला घास घेतलास आणि तुझा हात थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस. मग मान खाली घातलीस आणि सगळं जेवलीस, मडकंसुद्धा बोटानं पुसून खाल्लंस, रोजच्यासारखं. घरी जाताना एवढंच म्हणालीस, "अंबाडी आधी टाकली व्हती नं तुनं?" मी हो म्हटलं. डाळीवरून तू मला वाडी येईस्तोवर बोलत होतीस. लोण्याचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, तुला कळलंच नाही. सुटले, असंही वाटलं आणि आता आपण मरणार, असंही.

मी मेले नाही. दोन वर्षांनी तापाची साथ आली आणि तू गेलीस. तो ताप मला शोधत आला आणि त्याला तू सापडलीस, हे मी कितीतरी वर्षं मनात धरून बसले. तेव्हापासून मीही दुभतं सोडलं. कुणी विचारलं तर पचत नाही म्हणते.

गेल्या महिन्यात नातवाचं अंग तापलं. पहाटे मी त्याच्या कपाळाला आधी उलटा हात लावला, मग सुलटा, आणि माझा हात तिथेच थांबला. लोण्याच्या त्या दिवसानंतर तू बाजाराला निघण्याआधी रोज सकाळी माझ्या कपाळाला असाच हात लावायचीस. आधी उलटा, मग सुलटा. तू काही लाड करणारी बाई नव्हतीस, म्हणून मला त्याचं नवल वाटायचं. नऊ वर्षं लोणी न शिवलेल्या जिभेला लोणी कळणार नाही होय? तुला पहिल्या घासालाच कळलं होतं. बायांसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून तू तो घास गिळलास, आणि मग महिनाभर रोज सकाळी माझा ताप पाहत राहिलीस, एकटी, न बोलता.

हा कागद कण्यांच्या डब्याखाली ठेवीन, तुझ्याकडे कुठलं टपाल जातं? एकच सांगायचं राहिलं. त्या महिन्यात रोज सकाळी मी जागी असायची, माय. डोळे उघडले तर तू हात काढून घेशील, म्हणून मिटून पडायची.