भिंतीवरचं पान

महाड, मंगळवार, मार्च १९३१

आज दासगावचा हसन बसऱ्याहून परत आला. त्याच्या आईला दफन करून चाळीस दिवस झाले.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा, मी ज्यांच्याकडे मुन्शी आहे त्या वकिलांनी हसनच्या अरब मालकासाठी इंग्रजीत मसुदा करून दिला होता. त्याचं अरबी मी करायचं. ‘प्रकरण अत्यंत निकडीचे, विनाविलंब रजा द्यावी.’ दोनच ओळी. म्हातारीचाही निरोप होता, “मुन्शीजी, पोराला लवकर धाडा, येवढंच लिवा.”

पण अरब शेठला दोन ओळींचं पत्र? मला अडाणी समजला असता. मी रिवाजाप्रमाणे अख्खं पहिलं पान सलाम, दुआ आणि त्याच्या खानदानाच्या तारिफेने भरलं. त्यातच चार दिवस घातले. निकड गेली दुसऱ्या पानाच्या तळाशी, तीही मऊ होऊन: आपल्या सवडीने कृपा व्हावी. मोठ्या माणसाला घाई कशी करायची?

हसनला आजारपण कळलं ते गावच्या एका खलाशाकडून, फार उशिरा. तरी माझ्यावर चिडला नाही. उलट म्हणाला, “मालकानं तुमचं पत्र भित्तीला लावलान. येईल त्याला दाखवतो. असं अक्षर आमच्याकडं नाय म्हनतो.”

“दोन्ही पानं लावलीत?”

“नाय. पयलंच.”

तो कबरस्तानाकडे निघाला होता. मी त्याला थांबवून विचारलं, मालकाला त्यातली कुठली ओळ जास्त आवडली. त्याने आठवून सांगितलीही. मला बरं वाटलं.