रिकाम्या दाराला ‘ये’

रविवार, संध्याकाळ

मुग्धा पुण्याला नोकरीवर परत जायच्या आधी आम्ही मायलेकींनी ती जपानी अ‍ॅनिमे मालिका एकदाची संपवली. मधले भाग किती रेंगाळले! आणि शेवट असा घाईत, जणू कुणाची गाडी चुकत होती. तरी त्यातला बाप काही मनातून जात नाही. त्याची मुलगी रोज निघताना ‘जाऊन येते’ म्हणायची, तो ‘ये’ म्हणायचा. शेवटी ती न बोलताच गेली, आणि हा रिकाम्या दाराला ‘ये’ म्हणाला.

“दहापैकी किती?” मुग्धाने विचारलं.

“सहा.”

“सहाच? मंग रडून काऊन राह्यली?” आजीच्या वऱ्हाडीची नक्कल करते कार्टी.

मग रिक्षा आली. “आई, जाते गं.”

कॉन्व्हेंटमधून मी ‘बाय’ शिकून आले, तेव्हा आई मला उंबऱ्यावरच अडवायची. आज तिचेच शब्द माझ्या तोंडातून निघाले, “जातो नाई, येतो म्हण!”

मुग्धा हसली. पण म्हणाली का? रिक्षाच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

रिक्षा वळून गेल्यावर मी फाटकाशी उभी राहून ‘ये’ म्हटलं. चांगलं मोठ्याने.

सहा फारच कमी दिले मी.