पंगतीत वाढलेल्या गोळ्या

धुळे, शनिवार, दुपार
(दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवरून)

तीर्थरूप नाना,

धाकट्या अभिमनचा दंडवत घ्या. एरवी मी तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसतो, पण या खेपेला लांबूनच ठेवतो. इथल्या सुनंदाबाई (वॉर्डातल्या आया, आवाज असा की सलाईनसुद्धा घाबरून भराभर उतरते) म्हणतात, ज्याने साबणाने हात धुतले नाहीत त्याने देवाच्या पायालाही हात लावू नये. मी धुतलेत, कोपरापर्यंत. तरी त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर आजकाल माझाही नाही.

तुमची तब्येत कशी आहे? परवा फोनवर तुम्हीच सांगितलंत की संध्याकाळी अंग जरासं तापतं, डोकं जड होतं, ताटावर बसावंसं वाटत नाही, पण डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या की सकाळी घाम येऊन मोकळं, मग गोळ्या बंद आणि तुम्ही केळीच्या बागेत. काही दिवसांनी पुन्हा तेच. मी ‘नाना, ऐका जरा’ म्हणेपर्यंत तुम्ही फोन ठेवलेला होता. ज्योतीवहिनींचा फोन हौदात पडल्यापासून घरात फोन तो एकच, तोही तुमच्या खिशात, आणि तुमच्या खिशातल्या फोनवर तुमच्याविरुद्ध बोलायची छाती अख्ख्या सावद्यात कोणाची नाही. म्हणून पत्र. शिवाय फोनवरचं तुम्ही वारा समजता आणि कागदावरचं खरं मानता, हे मला लहानपणापासून माहीत आहे (शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचंही खरं मानलंत, तिथूनच माझं हिंडणं सुरू झालं). तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा वहिनीच ओट्यावर बसून वाचून दाखवतील आणि गल्ली जमेल. जमू द्या.

तर ठाकऱ्याबद्दल. ठाकऱ्या म्हणजे आपल्या केळी कापणीच्या टोळीतला, शिरपूरच्या वरच्या डोंगरातला, तो हो, जो घड खांद्यावरून असा उतरवतो की केळ्याला डाग पडत नाही. तो इथे कॉटवर आहे आणि मी कॉटखाली. हे कसं झालं ते सांगायचं तर भरितापासून सुरू करावं लागेल.

भरीत, नाना, दोषी नाही, हे आधी लिहून ठेवतो. बामणोदची पांढरट हिरवी वांगी, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत कुटलेली, वर कांद्याची पात, केळीच्या पानावर कळण्याची भाकरी. त्या दिवशी तुमच्या मळ्यात जे भरीत झालं त्याला मी धुळ्यात बसून अजून नमस्कार करतो. (इथे दवाखान्यासमोर एक जण भरीत विकतो. ते मी खाल्लं. त्याविषयी मला बोलायचं नाही.) कोणी म्हणालं वांगं उष्ण पडलं, कोणी म्हणालं शेंगदाणे खवट होते, अक्का म्हणाली दृष्ट लागली. पण पाण्याच्या जारची रिक्षा आलीच नाही, आणि मग विहिरीशेजारच्या त्या खड्ड्यातलं पाणी, ज्याच्या काठावर टोळी सकाळी... ते जाऊ द्या, वहिनी वाचताहेत. ते पाणी फडक्याने गाळून पिंपात भरलं. फडकं स्वच्छ होतं. पहिला तांब्या तुम्ही तोंडाला लावलात, यजमानाने आधी प्यावं म्हणून. दुसरा ठाकऱ्याने. मी बाटलीतलं काळं सरबत पीत होतो (यात माझी हुशारी काही नाही, मला गोडाची सवय आहे), म्हणून आज मी पत्र लिहू शकतोय.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जुलाब लागले तेव्हा तुम्ही जे केलंत ते मी इथे सगळ्यांना सांगितलं आणि कोणाचाच विश्वास बसला नाही. तुम्ही टोळीला ओळीने बसवलंत आणि तो निळा पत्र्याचा डबा घेऊन आलात. त्या डब्यात गल्लीतल्या प्रत्येक आजाऱ्याची उरलेली गोळी आहे. कोणाला बरं वाटलं की तो उरलेलं पाकीट तुमच्याकडे आणून देतो, कारण उरलेलं अन्न आणि उरलेली गोळी टाकू नये, कोणाच्या तरी मुखी लागावी, अशी आपल्याकडची रीत. जागा पुरावी म्हणून तुम्ही पाकिटं कात्रीने कापता, त्यामुळे नावाचा अर्धा भाग एका तुकड्यावर आणि अर्धा केराच्या टोपलीत. मग तुम्ही वाढायला लागलात. आणि पंगतीत दुजाभाव करायचा नाही हा तर आपल्या घराचा नेम. पांढऱ्या होत्या तोवर प्रत्येकाला दोन पांढऱ्या. पांढऱ्या संपल्या तिथून पुढे लाल. शेवटच्या दोघांना एकच कॅप्सूल उरली, तर ती उघडून तुम्ही भुकटी दोन पेल्यांत सारखी केलीत, वर म्हणालात की कोणाला कमी पडायला नको. कोणालाही कमी पडली नाही, नाना. सगळ्यांनाच कमी पडली, एवढंच.

जुलाब तर थांबलेच (मोहिनी मॅडम, म्हणजे इथल्या डॉक्टर, म्हणतात की ते मीठ-साखरेच्या पाण्यावरही थांबले असते, पण त्यांचा जन्म खानदेशातला नाही). तुमचा जयजयकार झाला. निघताना तुम्ही शिदोरीत लाडू द्यावेत तशा माझ्या खिशातही गोळ्या घातल्यात आणि म्हणालात, ‘काही होत नही रे. ताप उतरला का बंद करजो, आन उरल्या तं जपून ठेव.’

मग मी आणि ठाकऱ्या शिरपूरला गेलो. जिनिंगमध्ये काम होतं म्हणून गेलो, पण मुख्य म्हणजे मला कुठेतरी जायचं होतं. तिथे कापसाच्या ढिगावर एक माणूस भेटला जो बासरी वाजवायचा आणि सांगायचा की त्याने नर्मदा चालून पूर्ण केली. मला दोन दिवस तेवढं एकच वेड लागलं, मीही जाणार म्हणून. मूळ गोष्ट राहिली. ठाकऱ्याला ताप यायला लागला. मी दोन पांढऱ्या दिल्या, उतरला, बंद केल्या. पुन्हा चढला, लाल दिली, उतरला, बंद केली. मला वाटायचं, मी वैद्य झालो. बासरीवाल्यालाही एक देऊन ठेवली. ठाकऱ्या मात्र वाळत चालला. त्याची मापाने शिवलेली पँट आता त्याला सुतळीने बांधावी लागायची, आणि आम्ही त्यावर हसायचो.

शेवटी त्याच्या गावी नेला. त्याची आई मोगराबाई. तिने त्याच्या पोटाला हात लावून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की काय औषध दिलंस. मी म्हटलं, पांढरं. तिने विचारलं, पांढरं म्हणजे कोणतं. नाना, मी तुमचा पुतण्या, मला बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तर येतं, पण या साध्या प्रश्नाला मी म्हणालो, गोल. त्याच दुपारी त्याचं पोट पाटीसारखं कडक झालं. जीपने शिरपूर, तिथून धुळे. वाटेत तो एकदाही कण्हला नाही, त्यामुळे ड्रायव्हरने गाणी लावली होती.

टायफॉइड. आतड्याला भोक पडलं होतं. पोट उघडलं, शिवलं, एक नळी बाहेर ठेवली. मोहिनी मॅडमनी मला बाहेर बोलावून विचारलं की आधी कोणत्या अँटिबायोटिक झाल्या, किती दिवस. मी म्हटलं, तोताराम नानांच्या. त्या म्हणाल्या, ही कोणती कंपनी? मी सगळं सांगितलं, पंगतीसकट. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी फक्त चष्मा काढून डोळे चोळले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

मला जे समजलं ते मी माझ्या परीने लिहितो, कारण त्या फार हळू आवाजात बोलतात. आपण गोळी खाऊन ताप उतरला म्हणजे रोग मेला असं समजतो. मरतात ते त्यातले दुबळे. चिवट असतात ते आतच दडून बसतात, गोळी बंद व्हायची वाट बघतात, आणि बंद झाली की पुन्हा बाहेर. दर खेपेला त्या गोळीची ओळख वाढत जाते. शेवटी ती गोळी पाव्हणी म्हणून येते आणि पाव्हणी म्हणून जाते, कोणी उठून बसत नाही. ठाकऱ्याच्या रक्तातल्या जंतूंवर नेहमीच्या गोळ्या चालेनात असा रिपोर्ट आलाय. आता शिरेतून मोठी इंजेक्शनं चालू आहेत. हे ऐकताना मला सारखी तुमची केळीच आठवत होती. आठवतं, तुमच्या बांधापलीकडच्या अभ्यंकर मास्तरांनी कंदकुजीवर बुडाशी औषध ओतायची एकच आळवणी केली आणि झाडं टवटवीत दिसल्यावर पुढच्या सोडून दिल्या, तेव्हा तुम्ही बांधावर उभे राहून किती बोलला होतात? की अर्धं औषध म्हणजे रोगाला खुराक, झाड दिसायला हिरवं पण बुडाशी कुजलेलं. सगळं तुम्हीच म्हणाला होतात. मॅडमनी त्यापेक्षा वेगळं काहीच सांगितलं नाही. केळीला तुम्ही कधी अर्धं औषध दिलं नाहीत, नाना. दिलंत ते फक्त माणसांना, आणि प्रेमाने.

(इथे थांबलो होतो. सुनंदाबाईंनी पाणी आणायला पाठवलं. इथल्या उकळलेल्या पाण्याला कसलीच चव नाही. त्या भरलेला तांब्या संपेपर्यंत समोर उभ्या राहून म्हणतात, ‘बठ्ठं पी टाक भाऊ, चव नही म्हनूनच ते चांगलं शे.’)

ठाकऱ्या आता बरा आहे. म्हणजे सुधारतोय. मोगराबाई उशाशी बसून असते, माझ्यावर राग धरत नाही, मला तिच्या भाकरीतली अर्धी देते. काल दुपारी त्याने डोळे उघडले. मला वाटलं पाणी मागतोय. मी कान तोंडाजवळ नेला, तर तो म्हणाला, ‘नानानी तांब्या माझ्या आधी पिला. नानाले ताप शे का?’

मी म्हटलं, नाही. खोटं बोललो, कारण पोट शिवलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं असं मला वाटलं. पण आज मी या पायऱ्यांवर आलो आणि आपल्या ट्रकवाल्या भूषणला फोन लावला. तो सुरतेला केळी उतरवून रिकामी गाडी घेऊन येतोय, धुळ्याच्या बायपासला पत्र घ्यायला थांबतो म्हणाला.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी. वांग्याचा हंगाम चालू असेल, अक्काला म्हणावं माझ्या वाटचं कोणाला तरी वाढ. घरात आणि गल्लीत थोरांना नमस्कार, लहानांना हात धुवायला सांगा.

आपला, अजून कुठेही न पोहोचलेला,
अभिमन

ता.क. महत्त्वाचं राहिलंच. मोहिनी मॅडमना तुमचा निळा डबा हवा आहे. ठाकऱ्याच्या पोटात नेमकं काय गेलं ते समजल्याशिवाय पुढचं औषध ठरवता येत नाही, आणि कापलेला कोणता तुकडा कोणाच्या कोणत्या दुखण्यातला, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार? एवढी औषधं एका घरात जपणाऱ्या माणसाला त्यांना स्वतः भेटायचंय. भूषणची गाडी उद्या पहाटे केळी भरून पुन्हा धुळ्यावरूनच जाणार आहे. डबा घेऊन त्यातच बसा. एका माणसाचा जीव तुमच्या डब्यावर अडलाय असं समजा.

ता.क. दुसरा. येताना केळी आणू नका. ठाकऱ्याला तोंडाने काही द्यायचं नाही.

ता.क. तिसरा. वहिनी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. पत्राची घडी घाला आणि नानांना सांगा की पुढे सगळ्यांना नमस्कार लिहिलाय. मग स्वयंपाकघरात जाऊन वाचा.

मॅडमनी डबा मागितलेला नाही. त्यांना रक्ताच्या रिपोर्टवरून हवं ते कळलंय. मी नानांच्या तापाचं सांगितलं, संध्याकाळी चढतो आणि सकाळी उतरतो हे, आणि भरिताला किती दिवस झाले ते, तेव्हा त्या म्हणाल्या की डबा राहू दे, त्या माणसाला आण, आणि पोट दुखायच्या आधी आण. नाना स्वतःच्या तापासाठी ओटाही उतरणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पण दुसऱ्याला औषध द्यायचंय म्हटलं तर अनवाणी येतील. आणि ठाकऱ्या सुधारतोय असं मी वर लिहिलं, तेही ओट्यावर जमलेल्यांसाठीच. काल नानांविषयी विचारलं त्यानंतर तो बोललेला नाही. आज सकाळी त्याला पुन्हा ऑपरेशनला आत नेलंय. मोगराबाई दाराशी उभी आहे आणि मी इथे विनोद लिहितोय, कारण दुसरं काही करायला मला कोणी शिकवलेलं नाही.

तेव्हा नानांना गाडीत बसवा, तुम्हीही बसा, आणि डबा त्यांच्याच मांडीवर द्या, म्हणजे ते वाटेत उतरायचं नाव काढणार नाहीत. फक्त निघायच्या आधी झाकण सुतळीने चांगलं आवळून बांधा आणि गाठ तुमच्या हाताखाली ठेवा. भूषणला सकाळपासून खोकला आहे.