न झालेली कावीळ

बाबा, तुमची नात दिवाळीपासून शाळेत गेलेली नाही. नववीत आहे. डबा भरायला घेतला की तिचे हातपाय गार पडतात आणि ती दार लावून बसते. दर शनिवारी मी तिला पांढुर्ण्याहून गाडीनं नागपूरला नेते, मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या एका बाईंकडे. लोकांना मात्र सांगते, दातांना तार बसवायची आहे. तुमचीच मुलगी मी, थापा मारायला मला कुणाकडे शिकवणी लावावी लागली नाही.

आपण सौंसरला होतो, मी आठवीत. अशीच शाळेच्या नावानं थरथरायचे. तुम्ही हेडमास्तरांना जाऊन सांगितलंत, "पोरीले कावीळ झाली जी." मग ती कावीळ निभवावी लागली. आईनं महिनाभर फोडणी बंद केली, शेजारणी उसाचा रस आणून देऊ लागल्या. कुणीतरी म्हणालं, रामाकोन्याला कावीळ उतरवणारा आहे. बुद्धविहारात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणारे तुम्ही, नाही म्हटलं तर लोकांना संशय येईल म्हणून मला सायकलवर बसवून निघालात. तो माणूस माझ्या हातांवर चुन्याचं पाणी ओततो, परातीतलं पाणी पिवळं होतं, आणि तुमचा चेहरा सैल पडतो. न झालेला आजार उतरला म्हणून तुम्हाला हायसं वाटलं, बाबा! मला भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त एकटं वाटलं होतं. परतताना म्हणालात, "सोमवारपासून शाळेत जाजो. कोनी विचारलं तं कावीळ होती म्हणजो." मी गेले. कापत कापत दहावीपर्यंत गेले.

नागपूरच्या बाई मला बाहेर बसू देत नाहीत. पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "तुम्ही पोरीले बरी करा, मी थांबते बाहेर." त्या म्हणाल्या, "तुमच्याशिवाय नाही होणार. आठवडाभर ती तुमच्याजवळ असते, माझ्याजवळ तासभर." या शनिवारी स्टेशनवर शेजारीण भेटली आणि मी तारेचं पुराण लावलं. बाईंच्या खोलीत पोरगी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली, "मम्मी, तू सगळ्यायले माह्या दाताचं काऊन सांगते? तुले माही लाज वाटते काय?" मग रामाकोन्याचं सगळं सांगून टाकलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती मन लावून ऐकत होती.

"आबाजीनं तुले विचारलं नाही काय, काय झालं म्हणून?"

"नाही."

ती बघतच राहिली. आता मी पोरीला काय विचारायला हवं, हे त्या खोलीत तिघींनाही कळत होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तुम्हाला चार शब्द सुनावायला लिहायला घेतलं होतं. पण तेव्हा, त्या खोलीत, मी घड्याळ बघितलं आणि उठले. म्हटलं, "चाल, गाडी सुटन." गाडीला अजून दोन तास होते, बाबा.